ट्रक अचानक बंद पडला, इंजिनचा दिवा लागला: बिघाड शोधायचा कसा

चालता ट्रक बंद पडला की पहिल्या पाच मिनिटांत जे दिसतं, जे ऐकू येतं आणि जो वास येतो तोच सगळ्यांत मोठा पुरावा. स्कॅनर नंतरचा. पण याच पाच मिनिटांत पुरावा पुसला जातो. ड्रायव्हर बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारतो, क्लीनर बॅटरीचं टर्मिनल काढून परत लावतो, कोणीतरी स्कॅनर जोडून बिघाडाचे कोड लिहून न घेता थेट साफ करून टाकतो. मग अंदाजाने पंप बदला, इंजेक्टर बदला, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) बदला असा खर्च सुरू होतो आणि गाडी पुन्हा त्याच चढावर बंद पडते.

कोकणपट्टीत पहिला संशय घ्यायचा तो अर्थिंगवर, कनेक्टरवर आणि डिझेलमधल्या पाण्यावर. खारी हवा आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस या तिघांनाही खातो. महागड्या पार्टचा नंबर त्यानंतर.

आधी गाडी सुरक्षित उभी करा

घाट उतरताना इंजिन बंद पडलं तर न्यूट्रल करू नका आणि क्लच दाबून धरू नका. गाडी गियरमध्ये असेल तर चाकंच इंजिन फिरवत राहतात, आणि इंजिन फिरतंय तोवर हवेचा कॉम्प्रेसर आणि स्टिअरिंगचा पंपही फिरतो. ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नका. दर दाबाला टाकीतली हवा खर्च होते आणि हवा फार उतरली की स्प्रिंग ब्रेक आपोआप लागून गाडी भर वळणावर अडकते. एकदाच दाबून धरा आणि बाजूला घ्या. तेलाच्या कॅनचा लाल दिवा लागलेला असला तरी उतारावर हाच नियम. इंजिन जळालं तर बांधता येतं.

पावसाळ्यात कशेडी, कुंभार्ली, आंबा, करूळ, फोंडा यांपैकी कुठल्याही घाटात दोन जागा टाळा: डोंगराच्या अंगाला दरडीखाली, आणि दरीच्या अंगाला मातीच्या साइडपट्टीवर. भरलेल्या गाडीच्या वजनाने भिजलेली पट्टी खचते. चाकांना ठोकळे लावा. इशारा त्रिकोण मागे ५० मीटरवर ठेवा, आणि वळण असेल तर वळणाच्या अलीकडे, म्हणजे मागून येणाऱ्याला वळायच्या आधी दिसेल. मदतीसाठी फोन: राष्ट्रीय महामार्गावर १०३३, इतरत्र ११२. निघताना चाकाखालचे दगड उचलून बाजूला टाका. अंधारात त्यांवर दुचाकीवाले पडतात.

कशी बंद पडली, ते आधी ठरवा

चावी बंद केल्यासारखी एका क्षणात गेली असेल, ना झटका ना धूर, तर कारण बहुधा विजेत आहे: ईसीएमचा पुरवठा, मुख्य रिले, फ्यूज, अर्थिंग, इग्निशन स्विच किंवा क्रँक सेन्सर (इंजिन किती वेगाने फिरतंय ते ईसीएमला सांगणारा). त्यातही डॅशबोर्ड पूर्ण काळा झाला होता का ते विचारा. झाला असेल तर दोष सगळ्या गाडीच्या पुरवठ्यात, म्हणजे बॅटरी टर्मिनल, कट-ऑफ स्विच, मोठा फ्यूज. डॅशबोर्ड चालू राहिला आणि इंजिनच गेलं असेल तर दोष ईसीएमच्या फांदीवर किंवा सेन्सरमध्ये.

आधी पिकअप तुटला, झटके बसले, मिसिंग झालं आणि मग बंद पडली, तर डिझेल बघा. आधी दिवा लागला, मग ताकद कमी झाली आणि मग बंद पडली, तर ईसीएमने इंजिन वाचवण्यासाठी ते थांबवलेलं असू शकतं: ऑइलचा दाब, पाण्याचं तापमान, काही गाड्यांत कूलंटची पातळी. आणि आवाज होऊन बंद पडली, किंवा सेल्फ मारल्यावर टक्क करून सेल्फ जागच्या जागी थांबतो, तर पुढे सेल्फ मारूच नका. चावी बंद, बॅटरी कट, आणि इंजिन हाताने फिरतंय का ते बघा.

पुराच्या पाण्यातून आलेल्या गाडीला हाच नियम. चिपळूण, महाड, राजापूर इथे रस्त्यावर पाणी चढतं तेव्हा इंजिन हवेबरोबर पाणी ओढतं. पाणी दबत नाही, त्यामुळे सेल्फ मारताच कनेक्टिंग रॉड वाकतो. एअर फिल्टर काढून आत हात फिरवा. फिल्टर चिंब असेल तर इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून पाणी बाहेर काढेपर्यंत सेल्फला हात लावू नका.

एक कारण हमखास विसरलं जातं: एक्झॉस्ट ब्रेकची फडकी, म्हणजे धुराच्या नळीतली झडप. गंजून बंद स्थितीत अडकली की इंजिन गुदमरतं, काळा धूर येतो आणि चालू केलं की पुन्हा बंद पडतं. फडकीचा दांडा हाताने हलवून बघायला एक मिनिट लागतं. सायलेन्सर थंड झाल्यावर.

ड्रायव्हरला विचारायचे प्रश्न: टाकीत किती डिझेल होतं, कुठल्या पंपावर आणि कधी भरलं, गाडी चढावर होती का, फिल्टर कधी बदलला, आणि गेल्या महिन्यात गाडीत काय नवीन बसवलं? शेवटचा प्रश्न कधीही सोडू नका. जीपीएस, जास्तीचा हॉर्न, हॅलोजन, मोबाइलचा चार्जर हे बसवताना इग्निशनची तार सोलून तिला वेटोळं मारलेलं असतं आणि वर चिकटपट्टी. ज्या जीपीएसमध्ये गाडी लांबून बंद करण्याचा रिले असतो तो इग्निशनच्या वाटेतच बसतो. त्याचा जोड सैल झाला की गाडी खड्ड्यात आदळताच बंद पडते आणि लगेच चालूही होते.

चावी चालू केली की काय दिसतं

चावी चालू करा, सेल्फ मारू नका. इंजिनचा पिवळा दिवा काही क्षण पेटला पाहिजे. अजिबात पेटत नसेल तर बल्ब गेला आहे, किंवा ईसीएमला वीजच पोचत नाही. स्कॅनर इंजिनशी बोलत नसेल तर दुसरी शक्यता पक्की धरा आणि सेन्सर शोधत बसू नका.

मग सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. सेल्फ फिरतोय आणि काटा शून्यावरच आहे, तर बऱ्याच गाड्यांत क्रँक सेन्सर किंवा त्याची तार गेलेली असते. काटा १५० ते २५० वर येतो पण इंजिन पकडत नाही, तर क्रँक सेन्सर बाजूला ठेवा आणि डिझेलकडे वळा. स्कॅनर असेल तर त्याच वेळी रेलचा, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना उच्च दाबाने डिझेल देणाऱ्या सामाईक नळीचा, दाब वाचा. कॉमन रेल इंजिन चालू व्हायला साधारण २०० बारच्या पुढे दाब लागतो. नेमका आकडा इंजिनागणिक बदलतो, पण दाब ५०-६० बारवरच घुटमळत असेल तर इंजेक्टर उघडणारच नाहीत.

लाल दिवा म्हणजे थांबा. पिवळा म्हणजे गाडी हळू पुढे नेता येते, पण कोड वाचून घ्या. पिवळ्याबरोबर ताकदही गेली असेल तर भरलेली गाडी घाटात घालू नका.

वीज: इथे वेळ द्या

मोठ्या ट्रकला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट मिळतात. मल्टिमीटरवर अपेक्षित आकडे असे:

- गाडी तासभर उभी, सगळं बंद: २५.२ किंवा जास्त. २४.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, मग बाकीच्या चाचण्या.
- सेल्फ मारताना: १९ च्या खाली जाऊ नये. ईसीएमला पुरेसे व्होल्ट मिळाले नाहीत तर तो मध्येच बंद होतो आणि खोटे कोड साठवतो.
- इंजिन चालू, मध्यम आरपीएम: २७.५ ते २८.८. ३० च्या वर गेलं तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर गेला.
- दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. पाव व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर कमजोर बॅटरी दुसरीलाही घेऊन बुडते.

यानंतरची चाचणी सगळ्यांत महत्त्वाची, आणि बहुतेक गॅरेजांत ती होत नाही. मीटर व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर मोकळ्या धातूला. सहकाऱ्याला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या आत असलं पाहिजे. एक, दीड, दोन व्होल्ट दिसले तर ब्लॉकची अर्थिंग खराब. तसंच चेसिस आणि केबिन तपासा. अर्थिंगची पट्टी वरून धडधाकट दिसते, पण नट काढलात की वॉशरखाली गंजाची पापडी निघते. धातू चमकेपर्यंत घासा, नवा वॉशर लावा, आवळा, आणि वरून ग्रीस फासा. ग्रीस आवळल्यानंतर, आधी नाही.

ईसीएमचा पुरवठा नुसत्या मीटरने तपासू नका. मीटर जवळजवळ काहीच करंट घेत नाही, म्हणून दहातला एकच धागा शिल्लक असलेली तारही त्याला २४ व्होल्ट दाखवते. त्याऐवजी ब्रेकलाइटचा २४ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब घ्या, दोन तारा जोडा आणि ईसीएमच्या हार्नेस-बाजूच्या (वायरिंगकडच्या) कनेक्टरमध्ये पुरवठा आणि अर्थ या दोन पिनांवर पेटवा. लख्ख पेटला तर पुरवठा ठीक. पिवळसर, मंद पेटला तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे. पिनमध्ये जाड टोक घुसवू नका. पिन पसरली की तुम्हीच नवा बिघाड तयार केलात. जोडण्याआधी बॅटरी कट करा, आणि नेमक्या पिना वायरिंगच्या नकाशावरून घ्या.

कनेक्टर उघडलात की तांब्या-पितळेच्या भांड्याला चढतो तसा हिरवा कळंक शोधा. मासळीच्या गाड्यांत हा प्रकार हमखास असतो. मिरकरवाडा किंवा हर्णै बंदरावरून बर्फ घालून निघालेल्या गाडीच्या हौद्यातून खारं पाणी सतत चेसिसवर ठिबकतं आणि चेसिसच्या कडेने गेलेल्या वायरिंगवर, टाकीच्या फ्लोटच्या कनेक्टरवर, युरियाच्या टाकीच्या सेन्सरवर साचतं. अशी गाडी रिकामी झाल्यावर खालून साध्या गोड्या पाण्याने धुवा, पण प्रेशरचा झोत ईसीएमवर, फ्यूजपेटीवर आणि कनेक्टरवर मारू नका. तो झोत रबराच्या सीलमधून पाणी आत ढकलतो. कळंक असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर, मऊ ब्रश, कोरडी हवा, मग डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात. तार सोलल्यावर आतलं तांबं काळं निघालं तर चमकदार तांबं लागेपर्यंत मागे कापा. काळ्या तांब्यावर सोल्डर बसत नाही.

इंजिन आयडलला चालू ठेवून वायरिंग वीत-वीत अंतराने हलवा: ब्लॉकवरून वळते तिथे, केबिन उचलण्याच्या बिजागरीजवळ, बॅटरीपेटीमागे. इंजिन जिथे अडखळेल तिथेच दोष. पावसाळ्यात उभ्या गाडीत उंदीर शिरतात, त्यामुळे इंजिनवरची आणि केबिनखालची तार कुरतडलेली नाही ना तेही बघा.

क्रँक सेन्सरचा स्वभाव वेगळा. थंड इंजिनात तो नीट चालतो, घाट चढून इंजिन तापलं की तुटतो आणि अर्ध्या तासाने पुन्हा चालू. 'गरम झाली की बंद, थंड झाली की चालू' असं ऐकलंत की तो पहिला धरा. दोन तारांचा, चुंबकीय प्रकारचा असेल तर रेझिस्टन्स मोजा. बहुतेकांत तो ८००-९०० ओहमच्या आसपास असतो. कंपनीच्या आकड्याशी ताडून बघा, आणि थंड-गरम दोन्ही वेळा मोजा. तीन तारांचा असेल तर रेझिस्टन्स मोजू नका, पुरवठ्याचे व्होल्ट तपासा. टोकावर लोखंडी कीस जमला असेल तर पुसून घ्या.

डिझेल

पिवळ्या दिव्याबरोबर फिल्टरमधल्या पाण्याचा दिवा लागला असेल तर सेपरेटरचा खालचा नॉब सैल करून पारदर्शक बाटलीत १०० मिलिलिटर काढा आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. पाणी तळाला वेगळं दिसतं. मातकट, गढूळ थर असेल तर टाकीच्या तळाचा प्लगही उघडा. अर्धी टाकी ठेवून रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाडीत दमट हवेमुळे वरच्या पत्र्याला दव धरतं आणि ते पाणी तळाशी जातं. पावसाळ्यात रात्री टाकी भरून ठेवा, आणि झाकणाचा रबर दर पावसाळ्याआधी बदला.

टाकीचं झाकण उघडताना सूं करून हवा आत ओढली गेली तर व्हेंट बुजला आहे. टाकीत पोकळी झाली की फीड पंप डिझेल ओढू शकत नाही. झाकण सैल ठेवून दोन-तीन किलोमीटर चालवून गाडी धावली तर निदान झालं. टाकीतल्या जाळीत कचरा अडकला तरी असंच होतं: थांबलं की कचरा खाली बसतो, गाडी चालू होते, थोड्या वेळाने पुन्हा बंद.

कुंभार्ली किंवा आंबा घाट चढताना टाकी पावभर असेल तर डिझेल मागे सरकतं आणि नळी हवा ओढते. हवा धरल्यावर सेल्फ मारत बसू नका, उच्च दाबाचा पंप कोरडा फिरून खराब होतो. डिझेल भरा, फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करा, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारा, स्क्रू आवळा, पंप कडक लागेपर्यंत मारा. सेल्फ एका वेळी १५ सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये मिनिटभर विश्रांती.

दोष टाकीच्या बाजूला की इंजिनच्या बाजूला, हे ठरवायला पाच लिटर स्वच्छ डिझेलचा कॅन पुरतो. फीड पंपाकडे येणारी नळी टाकीकडून काढा आणि पारदर्शक नळीने कॅनमध्ये सोडा, हवा काढा, चालू करा. नीट चालली तर टाकी, जाळी, पाइप किंवा जोड खराब. पारदर्शक नळीत सतत बुडबुडे दिसले तर कॅनपासून पुढचे जोड बघा. परतीचं डिझेल टाकीतच जात असल्याने कॅन लवकर रिकामा होतो, लक्ष ठेवा.

जुन्या इंजिनाची सवय असलेले मेस्त्री इंजेक्टरचा नट सैल करून डिझेल येतंय का बघतात. कॉमन रेलवर हे कधीही करू नका. तिथे दाब १,६०० बारच्याही पुढे जातो. बारीक धार कातडीतून आत शिरते आणि हात गमवायची पाळी येते. असं डिझेल टोचलं गेलं तर जखम टाचणीएवढी असली तरी त्याच क्षणी रुग्णालय गाठा. रेलचा दाब तयार होत नसेल तर इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या वेगवेगळ्या बाटल्यांत सोडून सेल्फ मारा. ज्याची बाटली इतरांच्या कितीतरी आधी भरते तो इंजेक्टर दाब खातोय.

ऑइल, पाणी आणि संरक्षणाने बंद पडलेलं इंजिन

गाडी सपाटीवर दहा मिनिटं उभी ठेवून ऑइलची पट्टी बघा. पातळी कमी असेल तर गळती शोधा. पातळी वाढलेली असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर इंजिन चालवू नका: डिझेलने पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला आधार देत नाही. पातळी बरोबर असूनही दाबाचा कोड येत असेल तर सेन्सर काढून तिथे यांत्रिक गेज लावा. गरम इंजिनात आयडलला साधारण १ बार आणि चालत्या वेगात ३ ते ५ बार मिळाले तर सेन्सर किंवा तार खोटं बोलतेय.

इंजिन तापलं असेल तर रेडिएटरचं झाकण अर्धा तास उघडू नका. चिरेखाणीवर चालणाऱ्या गाड्यांत जांभ्याची लाल धूळ इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत बसते. समोरून जाळी स्वच्छ दिसते, टॉर्च मधल्या फटीत मारल्यावर खरं कळतं. मागून पुढे, मध्यम झोताने धुवा. खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी रेडिएटरमध्ये घालू नका.

बीएस-६ गाड्यांचं वेगळं

१ एप्रिल २०२० पासूनच्या गाड्यांत युरिया (धुरातले विषारी वायू कमी करणारा द्रव) आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) यांमुळेही पिवळा दिवा लागतो. युरिया संपला किंवा खराब निघाला तर गाडी चालता चालता अचानक बंद पडत नाही. आधी सूचना येतात, मग ताकद घटते, शेवटी वेग रांगण्याइतका उरतो. त्यामुळे 'एकदम बंद पडली' या तक्रारीत युरियाला दोष देऊन मोकळं होऊ नका. युरियाच्या नोजलवर पांढरे खडे जमले असतील तर कोमट पाण्याने विरघळतात, खरवडू नका. गाडी बंद केल्यावर पंप नळीतला युरिया परत ओढतो, म्हणून कट-ऑफ स्विच लगेच फिरवू नका, दोन-तीन मिनिटं द्या.

डीपीएफचं उभ्या-उभ्या रीजनरेशन (साचलेली काजळी जाळणं) करताना सायलेन्सरमधून निघणारी हवा ५००-६०० अंशांपर्यंत तापते. फेब्रुवारी ते मे या काळात सड्यावर (कातळाच्या पठारावर) वाळलेलं गवत असतं आणि शेजारी आंबा-काजूच्या बागा. डांबरी किंवा सिमेंटच्या मोकळ्या जागेवरच करा.

कोड वाचताना

सगळे कोड लिहून घ्या, फोटो काढा, मगच काय ते साफ करा. पी ०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट, पी ००८७ म्हणजे रेलचा दाब कमी, पी ०५६२ म्हणजे व्होल्ट कमी. जड गाड्यांत एसपीएन (कुठला भाग) आणि एफएमआय (कसला दोष) अशी आकड्यांची जोडी येते. एसपीएन असे: १०० ऑइलचा दाब, ११० कूलंटचं तापमान, १५७ रेलचा दाब, १६८ बॅटरीचे व्होल्ट. एफएमआय हा आकडा नीट वाचा. ०, १ म्हणजे मोजलेलं खरोखर जास्त किंवा कमी, तर ३, ४, ५ म्हणजे वायरिंगचा दोष. एसपीएन १०० बरोबर १ असेल तर इंजिन चालवू नका. त्याच्याबरोबर ४ असेल तर आधी कनेक्टर उघडा.

एकदम पाच-सहा सेन्सरांचे कोड आले तर सगळे सेन्सर एका वेळी मरत नाहीत. सगळ्यांना मिळणारा ५ व्होल्टचा पुरवठा कुठेतरी शॉर्ट आहे. मीटर त्या तारेवर ठेवा आणि सेन्सर एकेक काढत जा. ज्याला काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात तोच दोषी. कोड 'संपर्क तुटला' असा असेल तर बॅटरी कट करून कॅनच्या (CAN, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर ज्यांवरून एकमेकांशी बोलतात त्या) दोन तारांमध्ये रेझिस्टन्स मोजा. मध्ये गेटवे (तारांची जाळी वेगळी करणारा कॉम्प्युटर) नसलेल्या गाडीत ६० ओहम हवेत. १२० आले तर एका टोकाचा टर्मिनेटर (तारांच्या टोकाचा रेझिस्टर) सुटला आहे, शून्याजवळ आले तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत.

दुरुस्तीनंतर रिकामी गाडी गॅरेजभोवती फिरवून सोडू नका. कोड साफ करा, ज्या चढावर बंद पडली तसाच चढ भरल्या गाडीने तापल्या इंजिनात चढवा, वर पोचल्यावर कोड पुन्हा वाचा. नुकताच नोंदला गेलेला पण दिवा न लावणारा कोड दिसला तर काम अजून संपलेलं नाही.